हिची अरबी कॉमेंट्री

हे मुलाला ठाऊक नाही. सुनेला तर नाहीच. तुम्ही परके — म्हणून तुम्हाला सांगतो.

माझी बायको शालन लग्नानंतर अकरा वर्षं मस्कतला होती, एका घरी मुलं सांभाळायला. मी चौथी पास, गावी पंक्चर काढायचो. लोक हसायचे. ती अरबी शिकून परत आली. त्या अकरा वर्षांचं मी तिला कधी काही विचारलं नाही. का विचारायचं?

म्हातारपणी मुलाकडे जर्मनीत रेगेन्सबर्गला आलो. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. इथं हिचं एक अंग गेलं, पलंग हॉलमध्ये आला. टीव्हीवर सगळं जर्मन — त्याला आम्ही दोघंही बहिरेच. मग मुलानं त्याच्या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये अरबी कॉमेंट्री घातली. दोन्ही संघ मशीनच खेळवायचं, ही पडून ऐकायची. आणि हसायची! "अहो, तो म्हणतोय, गोलकीपरला घरी पाठवा, आई वाट बघतेय."

माझ्या बोलण्यावर ती जन्मात अशी हसली नव्हती. एकदा विचारलं, आता काय म्हणाला? "राहू द्या हो, तुम्हाला नाही कळायचं." एवढंच. एवढ्यावरून —

दुपारी गेम लावून द्यायचं काम माझं होतं. ती झोपली होती तेव्हा मी त्यातली अरबी काढून टाकली. जर्मन वाचता येत नसलं तरी कचऱ्याच्या डब्याचं चित्र कळतंच ना? उठल्यावर तिला सांगितलं, सुनेनं काढली, तिला घरात हा कलकलाट नको. मुलाला सांगितलं, आईला आता नको वाटतं.

तिनं वाद घातला नाही. "घर तिचं आहे," म्हणाली. पण सुनेशी बोलणं तोडलं. ती पोरगी नोकरी सांभाळून हिचं हगणं-मुतणं काढायची, आणि ही तिच्या हातची पेज बघून तोंड मिटायची. फक्त माझ्या हातून खायची. मला ते — खोटं कशाला बोलू? — गोड वाटलं. तीन महिने. एक शब्द पुरे होता. नाही बोललो.

ती गेली. दिवसकार्य झाल्यावर सून माझ्यापाशी येऊन बसली. "बाबा, आई माझ्यावर का रुसल्या होत्या? माझं काय चुकलं?"

मी म्हणालो, "आठवून बघ. काहीतरी चुकलंच असणार."

ती अजून आठवतेय.