बाबांच्या पेटीतली स्प्रिंग

खंडेनवमीच्या पूजेसाठी, इथे परदेशात हौगांगच्या फ्लॅटमध्ये, बाबा गेल्यावर इकडे आणलेली त्यांची हत्यारांची पेटी उघडली आणि मशीन ऑइलचा तोच वास आला.

बाबा कारखान्यात टर्नर होते. छऱ्यांची एक बंदूक त्यांनी घरीच बनवली होती. एकदा मी शेजारच्या मांजरीवर नेम धरलेला त्यांनी पाहिला. त्याच दुपारी मी गुपचूप बंदूक खोलून परत जोडली. दुसऱ्या दिवशी चाप ओढला तर ढिला. आतली स्प्रिंगच नव्हती. माझ्याच हातून हरवली, असं मी रडत कबूल केलं.

"चल, दुसरी बघू," बाबा म्हणाले. पुण्याच्या जुन्या बाजारात ते प्रत्येक स्प्रिंग चिमटीत दाबून परत ठेवत होते. "ही जाड आहे." "ही फार नरम." येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला. बंदूक पुन्हा कधी उडली नाही, आणि ते मला कायम लागून राहिलं.

आज पेटीच्या तळाशी एक पुडी निघाली. आत ती स्प्रिंग, वर बाबांचं अक्षर: 'बंदुकीची. काढून ठेवली.'

"आई, सो स्मॉल, ही पण पूजेत?" लेकीने विचारलं.

मी स्प्रिंगला हळदीकुंकू लावलं. मांजर तेव्हाच वाचली होती. मी आज सुटले.