अप्पा शेजारी असताना लावलेली कॉइल

मला एका जागी बसवत न्हाई, हे परतूरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात टेस्ला कॉइल करायला घेतली आणि उरलीसुरली झोपही गेली. खाली फ्रिजच्या तांब्याच्या नळीचे जाड वेढे, मधोमध बोअरच्या पाइपावर गुंडाळलेली केसासारखी तार. दोन्हींचा सूर जुळला की पाइपाच्या टोकावरून वीज उडते. जुळवायचा म्हणजे नळीवरचा चिमटा बोटभर सरकवायचा, लांब वायरचं बटण दाबायचं, बंद करून परत सरकवायचा. नुसता वैताग!

वडील, म्हणजे अप्पा, रोज संध्याकाळी लोखंडी खुर्ची ओढून अगदी खेटून बसायचे. "बरं झालं लग्न न्हाई केलंस. सासरच्यांचं घर जाळलं असतंस," म्हणायचे. शेवटी एकदाची वीतभर ठिणगी उडाली, तेव्हा बसल्या बसल्या त्यांनी टाळ्या पिटल्या.

मंग त्यांच्या छातीत पेसमेकर बसला. असल्या वस्तूच्या आसपासही फिरकायचं न्हाई, डॉक्टरांनी बजावलं. मी सगळं मोडायलाच निघाले होते, पण अप्पा जेवताना रोज तेच, "माझ्यापायी तुझं काम बंद पडलं." स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं अवघडून बोलायचे. माझा जीव तुटायचा. म्हणून ठरवलं, त्यांना समोरच्या घराच्या ओट्यावर बसवायचं आणि आमच्या खोलीतली कॉइल खिडकीतून दिसेल अशी चालू करून दाखवायची. आपली कुणाला अडचण न्हाई, एवढं त्यांना पटलं की झालं.

रविवारी बटण दाबलं. काहीच न्हाई. जोड तपासले, तार तपासली, अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. ढिम्म!

"झालं का गं?" अप्पा पलीकडून.

"थांबा ना जरा!" मी खेकसले.

वैतागून त्यांच्या खुर्चीत बसले आणि उगाच बटण दाबलं. फटकन ठिणगी! उठून दाबलं, गायब. बसले, परत आली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. जवळ बसलेल्या माणसाच्या अंगानंही सूर बदलतो. इतके दिवस मी अप्पांना धरूनच सूर लावला होता.

मी बसूनच चालवली असती, पण मी मधे आले की खिडकीतून त्यांना काही दिसेना. मंग जवळ कुणीच नसताना सूर लावायचा म्हणून खुर्चीच उचलून अंगणात ठेवली. चिमटा सरकवत गेले, एक वेढा, थोडा अजून. आणि अशी वीज उडाली म्हणता, चांगली दोन वीत! कडकडाट गल्लीभर गेला.

अप्पा ओट्यावर उभेच राह्यले. खूश होऊन ओरडले, "बघ! मीच मधी अडचण होतो. आता कशी बराबर चालून राह्यली!"

तसं न्हाई हो अप्पा, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण वीज दुप्पट झाली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती.