कुणासाठी विचारताय?

आमच्या दवाखान्यात शिरलं की पहिली खिडकी चौकशीची. तिच्यात गेली बावीस वर्षं ताई बसतात. दुसरी खिडकी केसपेपरची, ती माझी. पण माझी खिडकी कोपऱ्यावरून वळल्यावर येते आणि मध्ये एक जाड भिंत आहे. त्यामुळे दिवसभर आम्हाला एकमेकांचा आवाज येतो, तोंड दिसत नाही. तोंड बघायचं तर जेवणाच्या सुट्टीत, मागच्या खोलीत, डबे उघडून. हे आधीच सांगून टाकतो, कारण ती भिंत नसती तर ताईंच्या यजमानांचं दुखणं सात आठवडे त्यांच्यापासून लपून राहिलं नसतं, आणि माणूस हातचा जायची वेळ आली नसती.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. सख्खी बहीण नव्हे, पण माझ्या डब्यातलं अर्धं खाण्याचा हक्क सख्ख्या बहिणीइतकाच बजावतात.

त्यांचं एक ठाम मत आहे. लोकांना जे हवं असतं ते लोक कधीच विचारत नाहीत, त्याच्या शेजारचं काहीतरी विचारतात. एक बाई आली आणि म्हणाली, मागचं गेट किती वाजता बंद होतं? दुसरा कुणी असता तर वेळ सांगून मोकळा झाला असता. ताईंनी तिच्याकडून काढून घेतलं की तिची आई वरच्या वॉर्डात आहे, घरी लहान मुलं शेजारणीकडे ठेवली आहेत आणि आईजवळ बसायला तिला दिवसाकाठी जेमतेम तास मिळतो. मग गेटचा विषय बाजूलाच राहिला. ताईंनी तिला वेळेबाहेर भेटायचा पास कुठं मिळतो ते सांगितलं आणि अर्ज स्वतःच लिहून दिला. दुसरा एक गृहस्थ, चांगला धडधाकट, डोळ्यांचे नवे डॉक्टर कधी बसतात म्हणून तीन दिवस ओळीने विचारत होता. तिसऱ्या दिवशी कबूल झाला की डोळे ठणठणीत आहेत, पुतणीसाठी स्थळ बघतोय. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

म्हणून ताई उत्तराआधी तीन प्रश्न विचारतात. कुणासाठी विचारताय? कधीपासून? अजून कुणाला विचारलंत? हे तिन्ही प्रश्न मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकले आहेत की सुट्टीच्या दिवशीही कानात वाजतात. तिसरा प्रश्न मला सुरुवातीला उगाच वाटायचा. ताई म्हणाल्या, "अरे, आधी कुणी चुकीचं सांगितलेलं असतं. ते काढून टाकल्याशिवाय माझं डोक्यात शिरत नाही." ज्याचं उत्तर लगेच देता येत नाही तो प्रश्न त्या एका लांब वहीत लिहितात. कडेला आलेला प्रश्न, मग या तीन प्रश्नांचे तीन रकाने आणि शेवटी उत्तराचा चौथा. जेवण झालं की वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतात आणि चौथा रकाना भरून आणतात. अशा सतरा वह्या मागच्या कपाटात आहेत.

माझा स्वभाव याच्या उलटा. नाव, वय, काय होतंय, एवढं विचारतो आणि शिक्का मारतो. पुढचं मला नको असतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पाच मिनिटांच्या कामाला आलेला असतो आणि मी मुद्दामच त्याची अडवणूक करतोय अशी त्याची खात्री असते. त्यात मी एकदा पोळलेला. नोकरीला लागलो त्या वर्षी एका मुलीच्या मामाने सहज चौकशी केल्यासारखं दाखवून, ती कुठल्या डॉक्टरांकडे येते ते माझ्याकडून काढून घेतलं. दोन दिवसांत ते त्यांच्या सगळ्या गल्लीला कळलं. मुलगी माझ्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगायला नको होतं." मेमो नंतर मिळाला, पण खरा मेमो तोच. तेव्हापासून केसपेपरवरचं नाव माझ्या खिडकीबाहेर जात नाही. कुणी कितीही खोदलं तरी मी कानावर हात ठेवतो.

आता ताईंचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. भाऊजी पेंटर, पाट्या रंगवणारे. आमच्या दवाखान्यातल्या निम्म्या पाट्या आणि भिंतीवरचे जवळजवळ सगळे बाण त्यांच्या हातचे. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात ते एक निळा ठिपका देतात, तीच त्यांची सही. छापील पाट्या आल्यापासून काम कमी झालं, पण डॉक्टरांच्या बसायच्या वेळा बदलत राहतात आणि छापील पाटी पुसता येत नाही, म्हणून त्या वेळा अजून भाऊजीच रंगवतात. बोलणं अगदी बेताचं. ताई म्हणायच्या, आमच्या घरात सगळे शब्द हेच वापरतात, फक्त ब्रशने.

एका मंगळवारी भाऊजी माझ्या खिडकीत उभे राहिले. मला वाटलं पाटीचं काम असेल. ते म्हणाले, "केसपेपर कर. छातीचा."

"कुणाचा?"

"माझाच."

दोन महिने खोकला होता, आणि आता थुंकीत रक्त दिसलं होतं. मी लिहून घेतलं. जाताना म्हणाले, "हिला सांगू नकोस. मीच सांगेन." मी म्हटलं, केसपेपरचं मी कुणालाच सांगत नाही. म्हणताना थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे पेशंट डॉक्टरांकडून खाली आला की पुढच्या तारखेचा शिक्का माझ्याकडे होतो. दुसऱ्या खेपेला भाऊजींच्या पेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, डाव्या फुप्फुसात गाठ, ऑपरेशन, जवळच्या नातेवाईकासह यावे. तिसऱ्या खेपेला तेच, खाली एक रेघ. चौथ्या खेपेला दोन रेघा आणि शेजारी 'उशीर नको'. नातेवाईकाची सही झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळत नाही. आणि भाऊजी दर वेळी मागच्या गेटने एकटेच यायचे, एकटेच जायचे.

"भाऊजी, ताईंना सांगितलंत का?"

"विचारलं होतं तिला."

"काय विचारलंत?"

"छातीचे डॉक्टर कधी बसतात म्हणून." ते थोडं हसले, हसताना खोकला आला, तो ओसरेपर्यंत खिडकीची कड धरून उभे राहिले. "म्हणाली, मंगळवार-शुक्रवार, नऊ ते अकरा, पहिला मजला."

हा प्रसंग ताईंच्या स्वयंपाकघरात घडला होता, भाऊजी पहिल्यांदा माझ्याकडे आले त्याच्या आदल्या संध्याकाळी. ताई कांदा चिरत होत्या. दिवसभरात दोनशे माणसांना तोंड देऊन आलेल्या. घरी आल्यावर त्यांचा एक नियम होता, आता मला कुणी काही विचारू नका, माझं दुकान बंद. तरी भाऊजींनी दाराशी उभं राहून विचारलं आणि ताईंनी मान वर न करता उत्तर दिलं. उत्तर अगदी बिनचूक होतं. भाऊजी "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

मी भाऊजींवर चिडलो. एवढा घोडा झालेला माणूस, बायकोला सरळ सांगता येत नाही? ते म्हणाले, "सांगतो. आज नक्की सांगतो." असं त्यांनी दोन मंगळवार सांगितलं आणि एक शुक्रवार.

तोवर मागच्या खोलीत ताई रोज माझ्यासमोर डबा उघडून बसत होत्या. म्हणत होत्या, यांचा खोकला काही जात नाही, रंगाचा वास बाधतो बहुतेक, मध-आलं देतेय. मी मान खाली घालून घास गिळत होतो. सगळ्या गावाची चौकशी करणारी बाई आणि दिव्याखाली हा एवढा अंधार. बोलावं तर त्या मुलीचा चेहरा आठवायचा, गप्प बसावं तर त्या दोन रेघा. सातव्या आठवड्यात मी डबा आणायचाच बंद केला. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. ताईंनी लगेच विचारलं, कधीपासून?

त्या शुक्रवारी भाऊजी सकाळी नऊला वर गेले. पुन्हा एकटेच. मी माझ्या खिडकीवर 'दहा मिनिटांत येतो' ची पाटी लावली, रांगेने मला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि बाहेरून वळसा घालून चौकशीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढे अकरा माणसं होती.

माझा नंबर आला तशी ताई म्हणाल्या, "तू इथे काय करतोयस? मागून आत ये की."

"नाही ताई, मला चौकशी करायचीय."

त्यांनी चष्मा वर केला. "विचार."

मी वाक्य घोकूनच आलो होतो. "छातीच्या डॉक्टरांनी एका पेशंटला जवळचं माणूस घेऊन या म्हणून तीनदा लिहून दिलंय. तो आणत नाही. अशा वेळी काय करतात?"

"पुन्हा एकटा आला की समाजसेवा विभागात पाठवतात, खोली अकरा. तिथली बाई घरी फोन करते. पण ती दोन आठवडे रजेवर आहे." एवढं त्या एका दमात बोलल्या आणि सवयीने पुढे म्हणाल्या, "कुणासाठी विचारतोयस?"

मी खिडकीची कड धरून उभा राहिलो.

ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "कधीपासून?"

"सात आठवडे."

"अजून कुणाला विचारलं?"

"मी नाही. त्या पेशंटने विचारलं होतं," मी म्हटलं. "घरी. स्वयंपाकघराच्या दाराशी."

नाव मी उच्चारलं नाही, एवढाच माझ्या बाजूने हिशेब. बाकी मी नियम मोडला की पाळला, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

माझ्यामागच्या म्हाताऱ्याने खिडकीत हात घालून विचारलं, एक्स-रे कुठे? ताईंनी त्याला सांगितलं, उजवीकडे, तिसरं दार, आणि उठल्या. मला म्हणाल्या, "तू बस इथे." बावीस वर्षांत भर कामात त्यांनी खुर्ची सोडलेली मी पाहिली नव्हती. मी बसलो. पुढचा पाऊण तास लोकांनी मला जे जे विचारलं त्यातलं निम्मं मला येत नव्हतं आणि उरलेलं मी चुकीचं सांगितलं.

वर काय झालं ते मला नंतर दोघांकडून वेगवेगळं कळलं, आणि दोन्ही जुळलं. भाऊजी ओपीडीबाहेरच्या बाकावर बसले होते. ताई शेजारी जाऊन बसल्या. त्यांनी भाऊजींच्या हातातला केसपेपर घेतला, सगळा वाचला, मागची बाजूही वाचली. मग त्यांची नजर समोरच्या दारावरच्या पाटीवर गेली. छातीचे विकार. मंगळवार, शुक्रवार. सकाळी ९ ते ११. खालच्या कोपऱ्यात निळा ठिपका.

"ही पाटी तुमची," ताई म्हणाल्या.

"हो. गेल्या वर्षी वेळ बदलली तेव्हाची."

"मग तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग मला कशाला विचारलंत?"

भाऊजी पाटीकडे बघत म्हणाले, "तू विचारशील म्हणून. कुणासाठी ते."

ताई तिथेच रडल्या, सगळ्यांसमोर. भाऊजींनी खिशातला रुमाल दिला, त्याला टर्पेंटाइनचा वास होता, म्हणून त्यांनी तो परत केला. अकराच्या आत सही झाली.

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. डॉक्टर म्हणाले, आणखी महिना गेला असता तर मी हात लावला नसता. भाऊजी आता शिडीवर चढत नाहीत, खाली बसून रंगवतात. परवा तक्रार करत होते की घरात नेलकटर कुठंय विचारलं तरी ही विचारते, कशाला हवंय. मी म्हटलं, भोगा.

ताई पुन्हा खिडकीत बसल्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांची वही भरली आणि कपाटात ठेवायला मला दिली. मी सहज चाळली. त्या कांदा चिरण्याच्या दिवसाची तारीख घालून, नंतर कधीतरी, एक ओळ लिहिलेली होती. छातीचे डॉक्टर कधी बसतात? चौथ्या रकान्यात उत्तर होतं, मंगळवार, शुक्रवार, नऊ ते अकरा. मधले तिन्ही रकाने कोरे.

मी वही तशीच उघडी त्यांच्यापुढे धरली. "ताई, हे भरा की. आता माहीत आहे ना सगळं."

त्यांनी ओळीवर एकदा बोट फिरवलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

"त्या दिवशी मी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मग आज कसं लिहू?"