अर्ध्या राक्षसाचा अर्ज

कारखाना सोडून मला बरीच वर्षं झाली, पण चारचौघांत कुणी 'आमच्या वेळी' म्हणालं की माझी टकळी सुरू होते. बायको म्हणते, "तुमच्या कारखान्यातून साखर किती निघाली देव जाणे, किस्से मात्र पोत्यानं निघाले." खरं आहे तिचं. साखरेला ऊस लागतो, किश्श्यांना नुसती रिकामी माणसं पुरतात. ऐंशीच्या दशकात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात रिकाम्या माणसांना तोटा नव्हता. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून गाळप दोन-अडीच महिन्यांत खलास. उरलेलं वर्ष मशिनरी पुसा आणि एकमेकांची तोंडं बघा.

अशात चीफ केमिस्ट जोगळेकर साहेबांच्या अमेरिकेतल्या मेहुण्यानं एक खोकं पाठवलं. आत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची. जंगल, गुहा, राक्षस, काय वाट्टेल ते. बाकीच्यांनी एकेक वीर घ्यायचा आणि आपला वीर काय करतोय ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा आणि पुस्तकातले नियम ठरवणार.

आम्ही चौघं. गोष्ट सांगायला जोगळेकर साहेब. आवक-जावक विभागाचे सरवदे, नंबर पडल्याशिवाय स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा यांनी घेतली नसती. बॉयलरवरचे गुंडप्पा अण्णा, कर्नाटकाच्या हद्दीवरचे, घरी कानडी, बाहेर मराठी. आणि लॅबमधला मी. दर रविवारी चार वाजता सरवदेंच्या क्वार्टरवर बसायचं, कारण कॉलनीत मोठं टेबल तेवढं एकच.

*

पहिल्याच रविवारी जोगळेकर साहेबांनी गुहेत सात राक्षस सोडले. आम्ही तलवारी काढल्या. तेवढ्यात सरवदे वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. भिंतीवर भगवान बुद्धांचा फोटो, आणि त्याच्याखाली त्यांचा नवरा ओरडतोय, "मुंडकं उडवतो!"

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. "फोटोखाली हिंसा न्हाय चालायची. मारामारी वट्यावर जाऊन करा."

तेव्हापासून नियमच झाला. बोलणी, तह, सल्लामसलत आत. लढाई आली की चौघांनी टेबल उचलून बाहेर ओट्यावर न्यायचं. टेबल सागवानी, वजनाला बैलाएवढं. दोन महिन्यांत आम्ही सगळे राक्षसांशी गोडीनं बोलायला शिकलो.

*

अण्णांच्या वीराचं नाव भैरू. अण्णांची सासुरवाडी सोनारीची, तिथल्या भैरवनाथावरून ठेवलेलं. पुस्तकात अर्धा माणूस, अर्धा राक्षस अशी एक जात होती, अण्णांनी तीच घेतली. मी विचारलं, "सरळ राजपुत्र का नाही घेतला?"

"राजपुत्राला दारं उघडून द्यावी लागत्यात," अण्णा म्हणाले. "भैरू दार मोडून आत जातोय."

त्या खेळात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं. हे अण्णांच्या डोक्यात शिरेना. "उसातनं साखर निघायच्या रिकव्हरीचा आकडा कमी आला की साहेब आमच्यावर लालेलाल व्हतो, आन् हितं कमी म्हंजे चांगलं?" तीन वर्षांत भैरूचं चिलखत घटत घटत वजा दोनवर आलं. जोगळेकर साहेब म्हणाले, "आता याला कुणी हात लावू शकत नाही." अण्णा त्या आनंदात पेढे घेऊन आले. त्यांच्या बायकोनं विचारलं पेढे कशाचे, तर म्हणाले, "वजा दोन झालो."

*

एकदा साहेबांनी वर्णन केलं, "समोर नदी. दुथडी भरून वाहते आहे. पलीकडच्या तीरावर राक्षसांचा तळ."

अण्णा टेबलावर पुढं सरकले. "पाणी हाय?"

"भरपूर."

"मग राक्षस ऱ्हाऊ द्या जरा. पाणी अडवू आदी."

पुढचे चार रविवार आम्ही पाझर तलाव बांधला. बावीस राक्षस जिवंत पकडून रोजगार हमीवर लावले, सरवदेंनी रीतसर मस्टर ठेवलं. साहेब कपाळ धरून म्हणायचे, "अहो, ड्रॅगन येतोय, ड्रॅगन!" सरवदे वर न बघता म्हणायचे, "येऊ द्या, माती वाहायला कमीच पडतायत."

त्या वर्षी आमच्या खऱ्या विहिरींनी मात्र मार्गशीर्षातच तळ दाखवला होता.

*

वीस बाजूंचा फासा एकच होता. साहेब तो शर्टाच्या खिशात ठेवायचे. एके दिवशी नमुना बघायला मळीच्या टाकीवर वाकले आणि फासा आत. टाकीतून आजवर काही परत आलेलं नाही.

अण्णा तुळजापूरला गेले आणि देवळाबाहेरच्या दुकानातून वीस कवड्या आणल्या. सगळ्या एकदम टाकायच्या, उताण्या पडतील तेवढे गुण. डोकं छान लढवलं होतं. पण वीस कवड्यांत दहा-अकराच उताण्या पडणार. तीन महिने कुणी मेलं नाही, कुणी जिंकलं नाही. लढाया नुसत्या चालू. शेवटी वहिनीच बाहेर येऊन म्हणाल्या, "ओ, कुणीतरी हरा की. मला वटा धुवायचाय."

*

पाच वर्षं अशी गेली, आणि मेहुण्यानं दुसरं खोकं पाठवलं. त्याच खेळाची नवी आवृत्ती. नियम बदललेले, तक्ते बदललेले. साहेब म्हणाले, "पुढच्या रविवारपासून हेच."

सरवदेंनी चष्मा काढला. "असं कसं? उपविधी दुरुस्ती आहे ही. सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल."

चौदा दिवसांची नोटीस निघाली, कॅन्टीनच्या फळ्यावर लागली. सभेच्या दिवशी अण्णा नेमके शिफ्टवर. गणपूर्ती चारची, हजर तीन. सरवदेंनी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. आम्ही तिघं तिथंच एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. अर्ध्या तासानं तीच सभा, त्याच जागी, त्याच तिघांची, 'तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाही' या नियमानं सुरू झाली. सूचक साहेब, अनुमोदक मी, ठराव एकमतानं मंजूर. नवं पुस्तक लागू.

*

मग अण्णा शिफ्ट संपवून आले. भुवयांवर राख तशीच. म्हणाले, "नव्या पोथीत भैरू कुठं हाय, तेवढं वाचा."

साहेबांनी पानं उलटली. पुन्हा उलटली. नव्या पुस्तकातून ती जातच काढून टाकली होती. बुटके होते, जादूगार होते, अर्धा राक्षस कुठंच नव्हता.

"दुसरा वीर घ्या, अण्णा," मी म्हणालो.

अण्णांनी पोथी मिटून ठेवली. मग म्हणाले, "बॉयलरवर आमी साहेबांसंगं उभं ऱ्हाऊन बोलतो. हितं भैरू बसून बोलतोय. दुसरा कोण कसा घिऊ?"

मला फार वाईट वाटलं. साहेबही खाली बघायला लागले. म्हणाले, "राहू द्या की हो सरवदे, एक अपवाद."

"पुस्तकात नाही म्हणजे नाही," सरवदे म्हणाले. "एक अपवाद केला की संस्था बुडते, मी डोळ्यानं बघितलंय. ज्यानं पुस्तक काढलं त्याच्याकडं अर्ज करा. मंजुरी आली तर घेऊ."

विषय संपवायला बोलले होते. पण अण्णांनी दुसऱ्या दिवशी मला लॅबमध्ये गाठून अर्ज लिहून घेतला. मराठीत. 'मा. अध्यक्षसाहेब यांचे सेवेशी. विषय : अर्धा राक्षस भैरू यास कामावर कायम ठेवणेबाबत. सदर इसमाने पाच वर्षे सलग सेवा केली असून त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. तो स्वभावाने गरीब आहे.' खाली अण्णांची कानडीत सही, वर कोर्ट फीचं तिकीट. पत्ता पुस्तकाच्या आतल्या पानावरून मी उतरवला, पाकिटामागं कारखान्याचा पत्ता इंग्रजीत घातला आणि अण्णांनी स्वतः उस्मानाबादला जाऊन मोठ्या पोस्टात टाकला.

त्यानंतर अण्णा दर रविवारी येत, पण टेबलाशी बसत नसत. ओट्याच्या पायरीवर बसून आमचा खेळ बघत. बोलावलं की म्हणत, "अर्ज पेंडिंग हाय." आमचं खेळण्यात मन लागेना. वहिनी चहाचा पहिला कप पायरीवर नेऊन द्यायच्या आणि आत येऊन नवऱ्याशी रात्रीपर्यंत बोलायच्या नाहीत.

चार महिन्यांनी पाकीट आलं. परदेशी तिकिटं, वर कंपनीचा छाप. सरवदेंनी आवक नंबर टाकून ते न फोडता रविवारी आणलं. सगळ्यांसमोर फोडलं. अण्णा पायरीवरून उठून उभे राहिले.

मी सरवदेंच्या शेजारी होतो, मला कागद स्वच्छ दिसत होता. इंग्रजीत दोन ओळी. तुमचं पत्र मिळालं. आमच्याकडं ही भाषा कुणाला वाचता येत नाही, क्षमा असावी.

सरवदेंनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग सभेत ठराव वाचायला उभे राहायचे तसे उभे राहिले.

"अर्ज मंजूर," ते म्हणाले. "अर्धा राक्षस भैरू यास पूर्वीच्या सेवाज्येष्ठतेसह नवीन पुस्तकात कायम करण्यात येत आहे."

अण्णांनी एवढी वर्षं कारखान्यात उगाच काढली नव्हती. त्यांनी विचारलं, "जावक नंबर हाय का त्येच्यावर?"

सरवदेंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"हाय की," ते म्हणाले. "दोनशे सतरा."

"मग सरका जरा," अण्णा मला म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.