नाकमुरड्याची पिशवी

ज्याला माणसांच्या घाणीची किळस येते त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पडू नये. नाकमुरड्या पडला होता. सीपीयू उघडला की आत झुरळांची पिल्लं, केसांचे गुंतवळ, पंख्यावर बोटभर तेलकट मळ. सगळ्यांत घाणेरडा कीबोर्ड. लोक त्यावर शिंकतात, खातात, नाकातलं बोट तसंच त्यावर चालवतात. म्हणून तो गिऱ्हाइकाला बजावायचा, "नुसता सीपीयू आणा. कीबोर्ड घरी राहू द्या." त्याचा स्वतःचा कीबोर्ड धुतलेल्या पिशवीत असे. त्याला बायकोनेही हात लावायचा नाही.

मग त्याच्या थोरल्या बहिणीचा कॉम्प्युटर बिघडला. सुरू करताना कंपनीच्या खुणेवरच हँग व्हायचा, रिसेट केला तरी पुन्हा तिथेच. नाकमुरड्याने दोनदा सीपीयू दुकानात नेला. तिथे तो सुतासारखा सरळ चालला आणि घरी आल्यावर अडून बसला.

तिसऱ्यांदा तो पिशवी घेऊन तिच्याकडे गेला. खोलीत औषधांचा आंबूस वास होता. दाजी अर्धांगाने खाटेवर, आणि खाटेला चिकटून ताईचं टेबल. एका मास्तरांचं जाडजूड पुस्तक ती टाइप करत होती, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. दाजींची खाट सोडून बाहेर जाता येत नाही, म्हणून हेच एक काम तिच्या हाताशी होतं.

कॉम्प्युटर हँग झाला. रिसेट केला, पुन्हा हँग.

"डिस्कवर घोटाळा आहे," तो नाकावर रुमाल धरून म्हणाला. "सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल."

"पुस्तक?"

"जाईल. दुसरीकडे ठेवायचं असतं, ताई."

ताई मटकन खाली बसली. "मग मास्तर मला कशाला विचारतील पुन्हा? पुसू नकोस रे."

"इलाज नाही," म्हणत त्याने तिच्या कीबोर्डची वायर चिमटीत धरून उपटली, आपला कीबोर्ड जोडला आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. मास्तरांचं पुस्तक जागच्या जागी होतं.

दोन्ही वेळा दुकानात ह्याच कीबोर्डवर चालवून बघितलं होतं. शेवटी त्याने तिचा कीबोर्ड उचलला. एक बटण खाली रुतून बसलं होतं, कडेने पिवळट, वाळलेलं काहीतरी. ते सतत दाबलेलं राहायचं, म्हणूनच कॉम्प्युटर सुरू होताना अडायचा.

"इथे बसून जेवतेस? शी!"

"मी कुठली जेवते," ताई म्हणाली. "ह्यांना भरवते. एका हाताने घास, एका हाताने टाइप. मान हलली की सांडतं."

दाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना सगळं ऐकू येत होतं, हे नाकमुरड्याच्या आता लक्षात आलं. किळसेपायी आपण बहिणीची एवढी मेहनत पुसायला निघालो होतो. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

आपला कीबोर्ड त्याने तिच्या टेबलावर तसाच राहू दिला आणि तिचा आपल्या पिशवीत घातला.

"अरे, काहीतरी गुंडाळून ने," ताई म्हणाली. "पिशवी घाण होईल तुझी."

"होऊ दे," तो म्हणाला, आणि टेबलावरची भाताची वाटी घेऊन दाजींना भरवायला त्यांच्या उशाशी बसला.