लाल रंगाची परीक्षा

तुमसरच्या बाजारात जागेश्वरचा फोटो स्टुडिओ होता. माणूस असा चिकित्सक, की वांगं घ्यायचं तरी चार ठेल्यांवर हुंगून यायचा. त्यानं सत्त्याऐंशी साली लग्नांसाठी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचं ठरवलं, मग काय विचारता! नागपूरच्या व्यापाऱ्याकडून पारखायला दोन कॅमेरे उचलून आणले. एक खांद्यावर ठेवायचा, मोठ्या व्हीएचएस कॅसेटीचा. दुसरा हातात मावणारा, त्याची एट एमएमची कॅसेट इवलीशी.

शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या भय्याजीनं दोन्ही निरखले. "लहान्याचं चित्र लय साफ हाय गा. पण त्याची कॅसेट लावशीन कोनाच्या मशीनवर?"

खरंच होतं ते. चिखल्याची खाण कॉलनी असो की बपेऱ्यासारखं खेडं, भाड्यानं व्हीसीआर यायचा तो व्हीएचएसचाच. तरी जागेश्वरचं मन मानेना. लग्नात नवरीचं लुगडं लाल, कुंकू लाल, अन् मोठ्या कॅसेटीवर नेमका लाल रंग काठाबाहेर सांडायचा. म्हणून त्यानं आपल्या बायकोला, धुरपताला, लाल लुगडं नेसवून अंगणात उभं केलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांवर घेतलं.

शेवटी ठेवला मोठाच. लहान कॅमेरा परत गेला, त्याची कॅसेट कपाटात पडली. मोठ्या कॅसेटीवर पुढच्याच आठवड्यात कोणाचं तरी लग्न चढलं आणि धुरपता पुसली गेली. चांगली कॅसेट वाया कोण घालवतं?

दुसऱ्या वर्षी आषाढात धुरपता तापानं गेली. जागेश्वर रडला नाही. तेरवीपर्यंत आल्यागेल्याला चहा विचारत राहिला. बाया कुजबुजल्या, दगड हाय हा माणूस. दगड कसला, बधिर झाला होता बिचारा. मांडी घालून बसलं की पाय मरतो ना, तसा सगळाच. एकच गोष्ट मात्र त्याला आतून कुरतडत होती. तिचा आवाज आठवेना. 'अजी' म्हणून हाक मारायची हे ठाऊक होतं, पण कानात काही येतच नव्हतं. साऱ्या तालुक्याच्या आत्या-मावश्या त्याच्या कॅसेटींत बोलत-हसत होत्या, आणि घरचीच बाई तेवढी नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मग कपाटातली कॅसेट आठवली. कॅसेट खिशात घालून त्यानं नागपूरची एसटी धरली. गिऱ्हाईक पुन्हा पारखायला आलं असं समजून व्यापाऱ्यानं तसाच एक लहान कॅमेरा काढून टीव्हीला जोडला.

धुरपता दिसली. मागून एक कोंबडी गेली, तिची कुरकूरसुद्धा स्वच्छ ऐकू आली. जागेश्वर पुढे सरकून बसला.

धुरपता उभी होती. हात सरळ, मान ताठ, स्टुडिओत पडद्यापुढे गिऱ्हाईक उभं राहतं तशी. सारी उमर फोटो काढण्यात गेलेल्या माणसानं तिला उभंच तसं केलं होतं. त्याचा स्वतःचाच आवाज आला, "हालू नोको."

ती हसली थोडी. काही सांगायला तिनं तोंड उघडलं.

"चूप राय वं! मी लाल पाहून राहिलो."

तिनं तोंड मिटलं. त्यानंतर कॅसेट बराच वेळ चालली. ती पापणी लवायची, तेवढंच. मग पडदा निळा झाला.

"देखो भाऊ," व्यापारी खूश होऊन म्हणाला, "लाल कुठंच सांडला नाही. बराबर आहे ना?"

"बराबर हाय," जागेश्वर म्हणाला.