मैनेच्या पाठीवर कोण बसणार

पुण्यात ताठ मानेच्या माणसांचा तुटवडा नाही. ताठ पाठीचा माणूस मात्र मी एकच पाहिला, माझ्या मैत्रिणीचे मामा. पोस्टाच्या बाकावरही ते असे बसत, की बाक आता दौडणार असं वाटावं. सिग्नलला थांबलेल्या अनोळखी स्कूटरवाल्याजवळ जाऊन ते अदबीनं विचारत, "अहो, आपण बसला आहात की सांडला आहात?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जात. मैत्रिणीच्या साखरपुड्यात त्यांनी वरपक्षाच्या आजोबांना सोफ्यावर बसायला शिकवलं. आजोबा मग जेवायलाही वाकायला तयार होईनात, शेवटी ताट वर धरावं लागलं.

मामांनी उभी हयात एका रायडिंग क्लासात मुलांना घोड्यावर बसवण्यात घालवली होती. मग शहरात सॉफ्टवेअर आलं, क्लासच्या मैदानावर काचेची इमारत उगवली आणि घोडे विकले गेले. मैना नावाची वयस्कर घोडी येरवड्याच्या एका घोडीवाल्यानं घेतली आणि ती वरातींना जाऊ लागली. यात संतापण्यासारखं किती आहे हे मी मामांना अनेकदा समजावून सांगितलं. ते संतापले नाहीत. घोडीवाल्याकडून त्यांनी एवढंच कबूल करून घेतलं, की मैनेवर कोण बसणार हे त्यांना पंधरवडाभर आधी कळावं.

कळलं की मामा नवरदेवाच्या घरी जाऊन बेल वाजवत. नवरदेव बहुधा कॉम्प्युटरवाला निघे, आणि मामांच्या मते या मुलांचा कणा कंपनीकडे जमा असे. दोन स्टुलं, त्यांवर फळी, फळीवर लोड आणि लोडावर फेटा बांधलेला इंजिनिअर, असा शिकवणीचा थाट होता. एका घरात आजीनं हा कुळाचारच समजून लोडाला हळदकुंकू वाहिलं. मामांनी वाहू दिलं. टाचा खाली, खांदे मागे, नजर समोर. कमरेतून सैल सुटलेला माणूस खोगिरावर पोत्यासारखा पडतो आणि घोडीची पाठ सोलून निघते, हे ते नवरदेवाच्या आईबापांसमोर शांतपणे सांगत. बहुतेक मुलं दोन दिवसांत कंटाळत. त्यांना मामा म्हणत, "एक दिवस नीट बसलात तर तो फोटो झाला. रोज बसलात तर घोडीला कळतं."

त्या वर्षी मी वरातींविरुद्ध पत्रकं वाटत होते. 'रस्ता नवरदेवाच्या तीर्थरूपांचा आहे काय?' हा मथळा माझाच, आणि तो आजही मला योग्य वाटतो. रस्ते अडवणं, कानठळ्या बसवणं आणि मुक्या जनावराचे हाल, असे त्यात तीन मुद्दे होते. तिसऱ्या मुद्द्याखाली मामांची सही घ्यायला मी गेले.

"मामा, तुम्ही या प्रकाराला हातभार लावताय."

"लावतोय."

"मैनेचे हाल होताहेत."

"होताहेत. तुझ्या पत्रकानं परवाची वरात थांबेल?"

परवाची नाही, हे मला कबूल करावं लागलं.

"मग परवा तिच्या पाठीवर बसणारा मी बघतो. पुढचं तू बघ," असं म्हणून त्यांनी सही केली. "आणि खांदे मागे घे. मागण्या करणाऱ्यांनी वाकू नये."

परवाचा नवरदेव यवतमाळकडचा, कर्वेनगरात तिघा मित्रांसोबत राहणारा, अंगानं भरघोस मुलगा होता. मामांनी त्याला पाहून डोळे मिटून घेतले होते म्हणे. पण हा पठ्ठ्या रोज बसला. मांड्या भरून आल्याची तक्रार केल्यावर मामांनी त्याचं अभिनंदन केलं.

वरातीत मी पत्रकं घेऊन फुटपाथवर उभी होते. बँड वाजत होता, मित्र नाचत होते, आणि नवरदेव शिलालेखासारखा बसला होता. मामा शेजारून चालत होते. निम्म्या वाटेत त्यानं हात वर केला. बँड विस्कळीत होत थांबला.

"मामा, इचा मागचा डावा पाय बरोबर टेकत नाहीये. मला खाली जाणवून राहिलं."

मामांनी पायावरून हात फिरवला आणि मान हलवली. नवरदेव उतरला. त्याचे काका भडकले. चार लोकांत नवरदेव पायी जाणार का, मुहूर्त टळला तर काय, मुकाट्यानं वर बस, असं ते बरंच बोलले.

"मी पायी येतो न काका," तो म्हणाला. "मंडप काही पळून नाही राहिला."

आणि फेटा सावरत तो चालू लागला. माझ्या पत्रकांनी तोवर एकाही नवरदेवाला खाली उतरवलं नव्हतं.

मैनेची ती शेवटची वरात. लंगडणारी घोडी घोडीवाल्याच्या कामाची नव्हती. त्यानं तिला गावाकडे भावाच्या शेतावर पाठवायचं ठरवलं. ती जायच्या सकाळी मामांनी मला येरवड्याला सोबत नेलं. टेम्पोत चढताना ती बिचकली; मामा तिच्या मानेवर हात ठेवून शेजारून चढले, तिला बांधून उतरले. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. पाठीला बाक आला होता, खांदे पुढे पडले होते, नजर जमिनीवर होती. पुण्यात अशा माणसाला थांबवून चार शब्द सुनावणारा एकच माणूस होता.

आम्ही तसेच बसस्टॉपपर्यंत चालत गेलो.